कोठीच्या दारातून दिसेल असा पडदा

तुमच्या मोठ्या आजीनं, म्हणजे माझ्या थोरल्या जावेनं, आपल्या घरातल्या अकरा लग्नांपैकी एकही लग्न लागताना पाहिलेलं नव्हतं. ती प्रत्येक लग्नात हजर होती. तिच्यावाचून त्यातलं एकही पार पडलं नसतं. पण अंतरपाट दूर होऊन अक्षता पडायच्या वेळी ती कायम एकाच जागी असायची: कोठीत.

तुम्ही तिकडं लांब वाढलात, म्हणून सांगते. लग्नघरी लाडू, बुंदी, तूप, साखर, पानसुपारी जिथं ठेवतात ती खोली म्हणजे कोठी. तिच्या किल्ल्या घरातल्या एकाच माणसाकडं असतात, आणि ते माणूस बहुतेक वेळा भांडखोर असतं. मोठ्या आजीचं म्हणणं असं, की मंगलाष्टका चालू असताना सगळे मांडवात असतात आणि नेमके तेव्हाच लाडू पळतात. आमच्या नणंदेच्या लग्नात तुपाचा एक डबा असाच गेला होता. तेव्हापासून तिनं मुहूर्ताला कोठी सोडली नाही. स्वतःच्या मुलाच्या लग्नातही तिनं वाजंत्री ऐकली, कोठीच्या भिंतीला नमस्कार केला आणि लाडवांच्या टोपल्यांवर फडकी झाकली.

हा तिचा मुलगा, माझा पुतण्या, नळदुर्गजवळ हायवेला मंगल कार्यालय चालवतो. त्याच्या मुलीचं, म्हणजे तुमच्या ताईचं, लग्न ठरलं. मोठ्या आजीच्या नातवंडांतली ही शेवटची. अक्षतांसाठी आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो (आपल्याकडं अक्षता ज्वारीच्या, कुंकवात रंगवलेल्या), तेव्हा ती सुपाकडं बघतच म्हणाली, "ह्या पोरीचा अंतरपाट पडताना तेवढा बघायचाय गं."

मी म्हणाले, "अक्का, किल्ल्या माझ्याकडं द्या आणि पुढं जाऊन बसा."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू तिची किडनी मागितली. "तुझ्याकडं? तू मागंल त्याला थँक्यू म्हनून वाटून टाकशील."

"मग काय करायचं?"

"मी हितंच बसनार. हितनं दिसलं पायजे."

झालं. तिथून माझं काम सुरू झालं. कार्यालयासाठी मोठा एलईडी पडदा घ्यायचं पुतण्याच्या डोक्यात वर्षभर घोळत होतं, कारण हायवेच्या पलीकडच्या कार्यालयानं तो घेतला होता. सोलापूरच्या एका विक्रेत्यानं दिलेली कोटेशनं त्यानं माझ्यापुढं टाकली. "काकू, इंग्रजी तेवढं बघा."

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या कागदांतला शब्द न् शब्द मला येत होता आणि वाक्य एकही कळत नव्हतं. शब्दकोशानं हात टेकले तशी मी नवी वही काढली, समास आखला, आणि रोज दुपारी चहानंतर तासभर मोबाईलवर वाचून टिपणं काढू लागले. तुमचे आजोबा म्हणाले, "पीएचडी चाललीय वाटतं." मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. त्या घरात तेव्हा लक्ष देण्यासारखं पुष्कळ होतं.

हा पडदा म्हणजे टीव्हीची मोठी काच नव्हे, हे मला आधी कळलं. त्यात काच नसतेच. शाळेच्या पाटीएवढाल्या फळ्या शेजारी शेजारी बसवतात आणि प्रत्येक फळीवर दिव्यांचे हजारो बारीक ठिपके असतात. दोन ठिपक्यांमध्ये किती अंतर, हे मिलिमीटरमध्ये सांगतात. विक्रेत्याच्या कागदावर अडीच लिहिलं होतं, आणि दोन ओळी खाली 'सर्वोत्तम' असं ठळक अक्षरात.

मोठ्या आजीला मी हे रांगोळीवरून समजावलं. ठिपके जवळजवळ असले की बारीक नक्षी काढता येते, पण ती बघायलाही जवळ जावं लागतं. लांब उभं राहिलं तर ठिपके जवळ काय आणि लांब काय, डोळ्याला सगळी रेघच दिसते. साधा अदमास असा, की जितके मिलिमीटर, निदान तितके मीटर लांब उभं राहायचं.

ती दोन मिनिटं ज्वारीतले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे अडीचवाला पडदा अडीच पावलावरनं बघायचा. मी बसनार कोठीत. मला कशाला ती नाजूक भानगड? त्याच पैशात थोराड घ्या की."

मला चार दिवस लागले होते ते तिनं एका सुपात उरकलं.

मग मी आणि पुतण्या फीत घेऊन कार्यालयात गेलो. कोठीच्या दारापासून स्टेजमागच्या भिंतीपर्यंत अठ्ठावीस मीटर. पुढच्या सोफ्यांपासून सहा. सोफ्यांवर सोयरे बसणार, त्यांनाही ठिपके दिसून चालणार नाही. मी वहीत लिहिलं: चार मिलिमीटर. बारीक ठिपक्यांत वाचलेले पैसे लांबीरुंदीत घालायचे. अठ्ठावीस मीटरवरून मुलीचं तोंड ओळखू यायचं तर ते तोंड मोठं हवं, गुळगुळीत नव्हे.

त्याच आठवड्यात पलीकडच्या कार्यालयात एका ओळखीच्यांचं लग्न निघालं. मी आहेराचं पाकीट एका हातात आणि वही पिशवीत घेऊन गेले. त्यांचा पडदा अडीचचाच, बैठकीला अगदी लागून, हाताला येईल इतक्या उंचीवर. मुहूर्ताला सगळे उभे राहिले. खरे नवरा-नवरी कॅमेरावाल्यांच्या पाठीमागं पार बुडाले होते. पण पडद्यावर दोघं चांगली दीड पुरुष उंच दिसत होती. "सावधान" म्हटलं आणि सगळ्या मांडवानं अक्षता टाकल्या, पडद्यावर! माणसाला जिथं नवरा-नवरी दिसतात तिथंच तो अक्षता टाकणार, त्यात त्याची चूक काय? मीसुद्धा टाकल्या. दुसऱ्या मंगलाष्टकेला तर मागच्या एक आजीबाई पुढं सरकून नेम धरून टाकत होत्या.

जेवणं झाल्यावर झाडलोट करायला एक बाई आल्या. त्यांनी खालची ज्वारी झाडली आणि मग सरळ केरसुणी उचलून पडद्यावर फिरवली, भिंत झाडावी तशी. अडकलेले दाणे पडले. दाण्यांबरोबर दिवेही पडले असावेत. कारण नंतर पडद्यावर नवऱ्या मुलाचा फोटो लागला तेव्हा त्याच्या गालावर देवीच्या व्रणांसारखे काळे ठिपके होते. मी जवळ जाऊन मोजले. एकोणीस. त्याआधी तिथं किती लग्नं झाली असतील याचा मी अंदाज बांधला आणि वहीत एकच शब्द लिहिला: केरसुणी.

विक्रेता दोन नमुने, एक अडीचचा आणि एक चारचा, घेऊन यायचा होता. फोनवर म्हणाला, "मॅडम, संध्याकाळी सातला येतो की. मस्त दिसतंय बघा तवा."

मी म्हणाले, "दुपारी बाराला या."

"बाराला उजेड लई असतोय मॅडम."

"मुहूर्तही तेव्हाच असतोय."

आपल्या कार्यालयाला वर पत्रे आहेत आणि पश्चिमेची बाजू मोकळी. वैशाखात दुपारी आत इतका प्रकाश येतो, की मोबाईलवर कोणाचा फोन आलाय ते दिसत नाही. खोलीत लावायच्या पडद्याचा उजेड तिथं मेणबत्तीएवढा. उघड्यावर लावायचे असतात त्यांचा त्याच्या पाचपट तरी असतो, आणि ते धूळ, पाण्याचे शिंतोडेही सोसतात. हे विक्रेत्याला माहीत होतं. मला माहीत आहे, हे मात्र त्याला माहीत नव्हतं, आणि त्यातच सगळी मजा होती.

तो आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. दोन्ही नमुने स्टेजवर मांडून त्यानं चित्र लावलं: लाल-निळे पोपट, मग धबधबा, मग कापलेलं कलिंगड. मोठी आजी कोठीच्या दारात स्टुलावर बसली होती. तिथूनच ओरडली, "पोपटाचं लगीन हाय का?"

"आजी, कलर दाखवतोय की ओ."

"पोपट कसा बी दिसला तर कुनाला कळनार? मानसाचं तोंड दाव."

मी त्याला त्याचाच फोटो लावायला लावला. आधी तो लाजला. मग पडदा आणि तो शेजारी शेजारी उभे राहिल्यावर एका नमुन्यात तो कावीळ झाल्यासारखा दिसतोय, हे त्यालाही मान्य करावं लागलं. बटणं दाबून त्यानं रंग सुधारला. मग मी म्हणाले, "आता नुसतं पांढरं लावा." त्याचा चेहरा पडला. पडदा पुरता पांढरा केला, की कुठली फळी मळकट आहे, कुठला दिवा गेलाय, सगळं उघडं पडतं. धुतलेलं धोतर उन्हात धरून बघावं तसंच. एक फळी सायीच्या रंगाची निघाली. मी ती वहीत लिहिली आणि त्याच्याकडं बघून हसले.

मग मी मोबाईलचा कॅमेरा पडद्यावर धरला. ही तपासणी तुमच्यासाठी होती. लग्न तुम्ही माझ्या फोनवरून बघणार होता. काही पडदे डोळ्यांना ठीक दिसतात, पण फोनमध्ये त्यावर काळे पट्टे सरकत राहतात. असा पडदा घेतला असता तर तुम्हाला ताई झेब्र्यासारखी दिसली असती.

"मॅडम, तुम्ही आधी ह्याच लाईनीत होता का?" विक्रेत्यानं विचारलं.

"नाही. नववी क ला होते."

त्याच्या नकाशात पडद्याची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर होती. मी पुतण्याला अर्ध्या अंतरावर उभं केलं आणि त्याच्या डोक्यावर तुऱ्याचा फेटा चढवला. "अक्का, दिसतंय का?"

"फेटा दिसतोय," ती कोठीतून म्हणाली. "झ्याक हाय."

मुहूर्ताला अख्खा मांडव उभा राहतो आणि निम्म्यांच्या डोक्यावर फेटे असतात, हे नकाशा काढणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. पडदा वर घेतला, आठ फुटांच्या वर. त्यानं दुसराही प्रश्न मिटला: तेवढ्या उंचीवर केरसुणी सहज पोहोचत नाही.

तरी खात्री हवी. मी पदरात ज्वारी बांधून आणली होती. मूठभर काढली आणि केरसुणी उचलली. विक्रेता अडीचच्या नमुन्यापुढं दोन्ही हात पसरून उभा राहिला, लेकराला कोणी मारायला यावं तसा. "आजी, नको! नको की ओ!" मॅडमची आजी झाले, तेव्हाच मला कळलं की आता तो खरं बोलतोय. मग मी चारच्या नमुन्याकडं वळले. उघड्यावर लावायचा तो, दिव्यांच्या मधे कडक जाळी बसवलेला. अडीचच्या पुढून तो हललाच नाही. मी अक्षता टाकल्या. झाडल्या. पुन्हा टाकल्या. एकही दिवा गेला नाही.

कोटेशनात जे लिहिलं नव्हतं ते त्याच्या हातांनी सांगितलं होतं. आम्ही चारवाला घेतला. त्याच घडणीच्या चार फळ्या जास्तीच्या मागून घेतल्या, कारण दोन वर्षांनी आणलेल्या फळीचा रंग जुन्या फळ्यांशी जुळत नाही, ठिगळ दिसतं. त्या फळ्या कुठं ठेवायच्या, हा प्रश्नच नव्हता. मोठ्या आजीनं त्या तुपाच्या डब्यांमागं ठेवून कुलूप लावलं.

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच पडद्याखाली पाटी लावली: पडद्यावर अक्षता टाकू नयेत. अक्षर माझंच, वळणदार. मोठ्या आजीनं हिरवी साडी नेसून कोठीच्या दारात स्टूल टाकलं. कमरेला किल्ल्या, मुठीत अक्षता. मी शेजारी उभी, हातात फोन, फोनमध्ये तुम्ही. तुमच्याकडं तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि धाकटा जांभया देत होता, हे मला आठवतंय.

सगळे उभे राहिले. फेट्यांचं रान उठलं. आणि त्या रानाच्या वर, माझ्या हिशेबाप्रमाणं अगदी बरोबर, ताईचं तोंड दिसायला लागलं. ऊन मावत नव्हतं इतकं होतं, तरी तिच्या नथीचा मोती न् मोती दिसत होता.

"अगं बया," मोठी आजी म्हणाली. एवढंच.

पहिली मंगलाष्टका झाली, दुसरी झाली. मोठी आजी डोळ्याची पापणी न हलवता बघत होती. मग म्हणाली, "पोरगी सारखी डाव्या अंगाला का बघतीया?"

मीही पाहिलं. खरंच. अंतरपाटामागं ताई मान खाली घालून उभी होती, आणि दर थोड्या वेळानं तिची नजर डावीकडं जायची, काहीतरी शोधायची आणि परत यायची. मैलभरावरूनही कळलं असतं इतके मोठे डोळे पडद्यावर, आणि त्यांत पाणी.

तिच्या डावीकडं कोठी होती.

"अक्का, ती तुम्हाला शोधतीय."

"मला? मी हितं हाय की."

"ते तिला कुठं दिसतंय? तिच्यापुढं फेटे आहेत."

इतके दिवस मी कोठीतून स्टेजपर्यंत मापं घेतली होती. अंतर, उजेड, उंची, सगळं. स्टेजवरून कोठीकडं काय दिसतं, हे मी एकदाही मोजलं नव्हतं. माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

मोठी आजी उठली. कमरेच्या किल्ल्या काढल्या, माझ्या हातावर आपटल्या, अक्षताही माझ्याच हातात कोंबल्या. "बुंदीच्या टोपल्या एकवीस हाईत," ती म्हणाली, "म्या मोजल्यात." आणि निघाली.

गुडघे दुखतात म्हणून जी बाई देवळाची तीन पायऱ्यांची चढण टाळते, ती त्या फेट्यांतून घुसली. मला ती दिसेना, फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. "सरक रं! सरका की वो पाव्हनं! लगीन तुमचं हाय का?" अठ्ठावीस मीटर. मला ते अंतर सेंटीमीटरपर्यंत पाठ होतं आणि ते तिला मुहूर्ताआधी कापता येणार नाही, हेही दिसत होतं. पण नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी माईक हातात घेतला. त्यांनी स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हणायला सुरुवात केली. त्यात दोन्ही घरच्या सगळ्या माणसांची नावं होती, गावांसकट. लोक चुळबुळ करायला लागले. कॅमेरावाल्यानं कपाळाला हात लावला. मी मात्र त्या बाईंना मनातल्या मनात आशीर्वाद देत होते. अजून दोन काका बाकी राहू देत, म्हणत होते.

पडद्याच्या एका कडेनं हिरवा पदर आत आला. मग मोठी आजी, बारा फुटांची, धापा टाकणारी, पदराला बुंदीचा पाक लागलेली. ताईनं मान वर केली आणि हसली. तुम्हीही पाहिलंत ते. फोनमधून कोणीतरी ओरडलं होतं, "मोठी आजी टीव्हीवर!" मोठी आजी दोन पावलं पुढं सरकली, अगदी ताईच्या तोंडासमोर, आणि अख्खा पडदा हिरवा झाला.

नुसता हिरवा. कॅमेऱ्यापुढं तिची पाठ.

"सावधान!" झालं. वाजंत्री सुरू झाली. अंतरपाट पडला असणार. सगळ्यांनी माझ्या सुंदर पाटीकडं दुर्लक्ष करून पडद्यावर, म्हणजे मोठ्या आजीच्या पाठीवर, अक्षता टाकल्या. माझ्याही मुठीत अक्षता होत्या, किल्ल्या कमरेला खोचलेल्या. मीही टाकल्या. आठ फूट उंच आणि अठ्ठावीस मीटर लांबच्या पडद्यापर्यंत त्या पोहोचणार नाहीत, हे मला कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. त्या विक्रेत्याच्या फेट्यावर पडल्या. आमच्या आग्रहाखातर आलेला तो शेवटच्या रांगेत उभा होता. त्यानं वळून पाहिलं आणि केरसुणी जवळपास नाही ना, याची खात्री करून घेतली.

जेवणं उरकल्यावर कार्यालय रिकामं झालं. मोठी आजी परत कोठीच्या दारात येऊन बसली. मी विचारलं, "मग? पाहिला का अंतरपाट पडताना?"

ती जरा गोंधळली. "न्हाय गं. म्या पोरीच्या तोंडाकडं बघत हुते. अंतरपाट कवा पडला कुनाला ठावं."

बारावं लग्न.

पुतण्या हसत सुटला. म्हणाला, "आई, रेकॉर्डिंग हाय की. दावतो." त्यानं पडदा सुरू केला. ताईचं तोंड आलं, नथ आली, डावीकडं बघणं आलं. मोठी आजी स्टुलावर पुढं सरकून बसली. मग हिरवा पदर आला, आणि पडदाभर पाठ.

"ही कोन बया मधी उभी ऱ्हायलीया?" मोठी आजी कडाडली. "हिला कुनी सरकवलं का न्हाय?"

पुतण्यानं आवाज वाढवला. वाजंत्री सुरू झाली, अक्षता उडाल्या, पाठ तशीच. मग पडद्यावरची बाई हळूच वळली.

मोठ्या आजीनं आपला पदर सारखा केला. "साडी झ्याक दिसतीया पर," ती म्हणाली. "ठिपका एक बी दिसंना."

मग तिनं माझ्यापुढं हात पसरला. मी किल्ल्या दिल्या. ती आत गेली आणि मला तिच्या मोजण्याचा आवाज ऐकू यायला लागला. टोपल्या एकवीसच भरणार, हे मला माहीत होतं. पण ज्या टोपलीतली मूठभर बुंदी मी थँक्यू म्हणून वाटली होती, तिच्यावरचं फडकं जरा तिरकं बसलं होतं, आणि मी निघायची घाई केली.